आव्हेरोंचा मुलगा आणि इंद्रियशिक्षण

इ. स. १८०० च्या जानेवारी महिन्यांत, दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतांत, सँ-सेर्नँ नांवाच्या खेड्यांत एका चांभाराच्या बागेंत भाजीपाला उकरीत असतां एक मुलगा लोकांच्या हातीं लागला. वय अकरा-बारा वर्षांचें, अंगावर सदऱ्याच्या चिंध्या, गळ्यावर जुन्या जखमेचा आडवा व्रण, आणि तोंडांत एकही शब्द नाहीं. त्यापूर्वीं कांहीं वर्षें तो आसपासच्या रानांत लोकांच्या दृष्टीस पडत होता; पकडलाही गेला होता आणि निसटलाही होता. फ्रान्समध्यें राज्यक्रांति होऊन त्या वेळीं दहा वर्षें लोटलीं होतीं. मनुष्य जन्मतः काय असतो आणि समाज त्याला काय बनवितो, या प्रश्नानें पॅरिसच्या विद्वानांचीं मनें भारलेलीं होतीं. त्यामुळें या मुलाची वार्ता राजधानींत पोहोंचतांच तेथें मोठें कुतूहल उत्पन्न झालें, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें त्याला पॅरिस येथें आणून मूकबधिरांच्या संस्थेंत ठेवण्यांत आलें.

पॅरिसकरांना ग्रंथांत वर्णिलेला निष्पाप वनपुत्र पाहावयाचा होता. प्रत्यक्षांत त्यांच्या दृष्टीस पडला तो एक अस्वच्छ, चावणारा, ओरबाडणारा, पिंजऱ्यांतील श्वापदाप्रमाणें पुढेंमागें झुलत राहणारा मुलगा. थोड्याच दिवसांत बघ्यांची गर्दी ओसरली. वेड्यांच्या बेड्या काढविणारा म्हणून ज्याची कीर्ति आहे, त्या फिलिप पिनेल या थोर वैद्यानें मुलाची परीक्षा केली आणि आपलें मत दिलें कीं, रुग्णालयांतील जन्मतः मंदबुद्धि मुलांहून हा मुलगा निराळा नाहीं. याच्या सुधारणेची आशा धरणें व्यर्थ आहे. या मताला आधारही भक्कम दिसत होता. मुलाची दृष्टि कोठेंच स्थिर होत नव्हती. थंडीपावसांत ओल्या जमिनीवर तो उघडाच बसून राही. चुलींतून बाहेर पडलेले निखारे तो हातानें उचलून पुन्हां विस्तवांत टाकी, आणि उकळत्या पाण्यांत हात घालून बटाटे बाहेर काढी. नाकांत तपकीर कोंबली तरी त्याला शिंक येत नसे. पाठीमागें पिस्तुलाचा बार काढला तरी तो मान वळवीत नसे. ज्याला ऊन कळत नाहीं, थंड कळत नाहीं, बाराचा आवाजही जाणवत नाहीं, त्याला शिकवावयाचें तरी कोणत्या वाटेनें, असा प्रश्न कोणालाही पडला असता.

त्याच संस्थेंत एक तरुण वैद्य नुकताच रुजू झाला होता. जाँ मार्क गास्पार इटार हें त्याचें नांव, आणि वय अवघें सव्वीस. त्यानें पिनेलनें पाहिलें तेंच पाहिलें. परंतु आणखीही एक गोष्ट त्याच्या ध्यानांत आली. पिस्तुलाच्या बारानें न हलणारा हा मुलगा पाठीमागें कोणीं अक्रोड फोडला कीं झटकन् वळून पाही. म्हणजे कान शाबूत होता. अक्रोडाचा आवाज अन्नाचा होता. पिस्तुलाच्या आवाजाला रानांतील आयुष्यांत कांहींच अर्थ नव्हता. तसेंच, ज्याला निखाऱ्याची आंच लागत नसे असें वाटे, तोच मुलगा रात्रीं खिडकीशीं उभा राहून चांदण्याकडे एकटक पाहत राही, आणि सकाळीं बर्फ पडलेलें दिसतांच अर्ध्या कपड्यानिशीं बागेंत धांव घेऊन आनंदानें त्यांत लोळे. यावरून इटारनें ताडलें कीं, या मुलाचीं इंद्रियें मेलेलीं नाहींत. कोणती संवेदना घ्यावयाची आणि कोणती सोडावयाची, याचा त्यांचा हिशेब मात्र इतरांहून निराळा आहे. मुलाला काय समजत नाहीं हें मोजण्यापूर्वीं त्याच्यापर्यंत काय पोहोंचतें तें शोधलें पाहिजे. इंद्रियांच्या अडचणी असलेल्या मुलांविषयींच्या विचाराचा इतिहास या एका निरीक्षणापासून सुरू झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

इटारनें मुलाच्या शिक्षणाचीं पांच उद्दिष्टें ठरविलीं. त्यांतील पहिलेंच मोठें शहाणपणाचें होतें : माणसांतील जीवन त्याला रानांतील जीवनाहून सुखाचें वाटलें पाहिजे, आणि त्यासाठीं तें प्रथम रानांतील जीवनाच्या जवळचें असलें पाहिजे. म्हणून त्याला हवें तेव्हां निजूं द्यावें, आवडेल तें खाऊं द्यावें, मनमुराद हिंडूं द्यावें, असें ठरलें. हें सर्व प्रत्यक्षांत आणलें तें मादाम गेरँ नांवाच्या बाईनें. त्याच्या जेवणाखाणाची, कपड्यांची, फिरण्याची व्यवस्था तिच्याकडे होती. ओकाराचा ध्वनि कानीं पडला कीं मुलगा मान वळवी, हें पाहून त्याचें नांव व्हिक्टर ठेवण्यांत आलें. कारण फ्रेंच उच्चारांत त्या नांवाच्या शेवटीं ओकार ठसठशीत ऐकूं येतो. नांव ठेवतांनाही मुलाच्या कानाला काय रुचतें याचा विचार झाला, ही गोष्ट लहान असली तरी ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

त्यानंतर इंद्रियांचें शिक्षण सुरू झालें. व्हिक्टरला रोज कित्येक तास ऊन पाण्याचें स्नान घालण्यांत येई, अंग चोळण्यांत येई. कांहीं काळानें असें दिसूं लागलें कीं, पाण्यांत उतरण्यापूर्वीं तो बोट बुडवून पाही आणि पाणी पुरेसें ऊन नसेल तर आंत जाण्याचें नाकारी. थंडीची जाणीव होऊं लागली तेव्हां कपड्यांचा उपयोगही त्याला आपोआप कळला. खोल भांड्यांत ऊन आणि गार चेस्टनट ठेवून, न पाहतां, केवळ स्पर्शानें ते ओळखावयास इटारनें त्याला शिकविलें. पुढें धातूचीं अक्षरें हातानें चाचपून ओळखण्यापर्यंत त्याची मजल गेली. अक्षरें जुळवून दूध या अर्थाचा फ्रेंच शब्द तो मांडूं लागला, आणि शेजारच्या घरीं दूध प्यावयास जातांना तीं अक्षरें बरोबर नेऊन तेथील मेजावर मांडून ठेवी.

परंतु या कथेला दुसरीही बाजू आहे, आणि इटारनें ती आपल्या १८०१ व १८०६ च्या अहवालांत प्रामाणिकपणें नमूद केलेली आहे. श्रवणाच्या शिक्षणासाठीं व्हिक्टरच्या डोळ्यांवर पट्टी बांधून घंटा व ढोल यांचे आवाज ओळखावयास त्याला शिकविण्यांत येत असे. या खेळांत मुलाला इतका आनंद होऊं लागला कीं, हंसण्याच्या भरांत तो चुकूं लागला. तेव्हां चूक झाली कीं इटार ढोलाच्या टिपरीनें त्याच्या बोटांवर मारूं लागला. त्या दिवसापासून हंसणें थांबलें आणि त्याबरोबर शिकणेंही थांबलें. पट्टी बांधतांच मुलगा भीतीनें गोठून जाई. शेवटीं तो प्रयोगच सोडून द्यावा लागला. आणखी एका प्रसंगीं, अभ्यासाच्या वेळीं येणारे संतापाचे झटके मोडून काढण्यासाठीं, मुलाला उंचावरून पाहण्याचें भय वाटतें हें ठाऊक असून, इटारनें त्याला चौथ्या मजल्याच्या खिडकींतून बाहेर धरलें. खोलींत परत घेतल्यावर व्हिक्टरनें थरथरत्या हातांनीं विस्कटलेले पुठ्ठे गोळा केले आणि मग अंथरुणावर पडून तो रडूं लागला. इटारनें त्याचे अश्रू प्रथमच पाहिले ते त्या दिवशीं. ज्या माणसानें मुलाच्या इंद्रियांचें रहस्य उलगडलें, त्यानेंच त्यांतील सर्वांत दुखरी जागा हेरून तिचा शिक्षेसारखा उपयोग केला, हें या इतिहासांतील कटु सत्य आहे.

मादाम गेरँचा मार्ग निराळा होता. तिच्या घरांत व्हिक्टर पाणी आणी, लांकडें फोडी, मेजावर ताटें मांडी. तिच्या पतीचें निधन झालें त्या दिवशीं त्यानें नेहमींप्रमाणें त्याचेंही ताट मांडलें. परंतु तें पाहून बाईला रडूं कोसळलेलें दिसतांच त्यानें तें ताट उचलून परत जागेवर ठेवलें, आणि पुन्हां कधीं मांडलें नाहीं. ज्याला भावना नाहींत असें विद्वानांनीं ठरविलें होतें, त्याला दुसऱ्याचें दुःख कळत होतें. व्हिक्टर बोलावयास मात्र शिकला नाहीं. इटारनें अखेर प्रयत्न सोडला. सरकारनें मादाम गेरँला वर्षाला दीडशें फ्रँक मंजूर केले, आणि तिच्याच घरीं राहून व्हिक्टर १८२८ सालीं वारला. तो रानांत टाकला जाण्यापूर्वींच निराळा होता, कीं रानांतील एकाकी जीवनानें तसा झाला, यासंबंधीं पंडितांत आजही एकमत नाहीं. हारलन लेन या अमेरिकन संशोधकानें १९७६ सालीं दुसऱ्या पक्षाचें समर्थन केलें. ऊटा फ्रिथ या ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ बाईंनीं १९८९ सालीं तो स्वमग्न असावा असें सुचविलें.

इटारचें कार्य त्याच्या शिष्यानें पुढें नेलें. एदुआर सेगँ यानें १८३७ च्या सुमारास इटारच्या मार्गदर्शनाखालीं एका मंदमति मुलाचें शिक्षण हातीं घेतलें, १८४६ सालीं आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढें तो अमेरिकेंत जाऊन स्थायिक झाला. सेगँचें म्हणणें असें कीं, बुद्धीकडे जाणारा रस्ता हातापायांतून व त्वचेंतून जातो. म्हणून त्यानें प्रथम शिड्या, वजनें व झोपाळे आणले. झोपाळ्यांत बसलेल्या मुलाचे पाय समोरच्या फळीवर आपटावे व त्या आघातानें पायांना बळ आणि जाणीव यावी, अशीही योजना त्यानें केली होती. स्पर्श अगोदर, दृष्टि व श्रवण नंतर, आणि अक्षर सर्वांच्या शेवटीं, असा त्याचा क्रम होता.

या दोघांचे ग्रंथ रोम येथें एका तरुण स्त्री-वैद्याच्या हातीं पडले. मारिया माँटेसोरी हिनें ते इटालियन भाषेंत स्वहस्तें उतरून काढले. १९०० सालीं तिनें रोममधील मंदमति मुलांच्या शाळेंत काम केलें, आणि १९०७ च्या ६ जानेवारीस सान लोरेंझो या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. वजनाच्या फळ्या, ध्वनीच्या डब्या, खरखरीत कागदाचीं अक्षरें, हीं जीं साधनें पुढें जगभर गेलीं, त्यांचें मूळ व्हिक्टरच्या चेस्टनटांत व धातूच्या अक्षरांत आहे. हिंदुस्थानांत ही पद्धति प्रथम गिजुभाई बधेका यांनीं भावनगरास रुजविली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं त्यांच्यासमवेत १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाचा पाया घातला, १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें आणि १९५७ सालीं तें कार्य कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेलें. परदेशी महागड्या साधनांऐवजीं शंख-शिंपले, खडे, पानें, बिया यांनीं इंद्रियशिक्षण होऊं शकतें, हें ताराबाईंनीं व अनुताई वाघ यांनीं दाखवून दिलें. स्वतः माँटेसोरीबाई १९३९ सालीं मद्रासजवळ अड्यार येथें आल्या आणि महायुद्धामुळें १९४६ पर्यंत त्यांचा मुक्काम याच देशांत राहिला.

या विजययात्रेंत एक विपरीत गोष्ट घडली. ज्या मुलांसाठीं हीं साधनें जन्मास आलीं, तीं मुलें मागें पडलीं. साधनें सामान्य मुलांच्या बालमंदिरांत सुखानें नांदूं लागलीं. आणि ज्याला खरखरीत कागदाचा स्पर्श सहन होत नाहीं, जो गाणें सुरू होतांच कानांवर हात ठेवून कोपऱ्यांत जातो, असा मुलगा बहुधा दाराबाहेरच राहिला. त्याला हट्टी, लाडावलेला अथवा वेडसर म्हणण्याची रीत जुनीच होती.

अशा मुलांचें सविस्तर वर्णन १९४३ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर लिओ कॅनर यानें आपल्या अकरा बालरुग्णांच्या निबंधांत केलें. स्वमग्नतेच्या अभ्यासाचा हा आरंभ सामान्यतः मानला जातो. त्यांतील कित्येक मुलें धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राला, वाहत्या पाण्याच्या आवाजाला, पाळण्याला, अंडीं घुसळण्याच्या साध्या यंत्रालाही घाबरत. परंतु कॅनरनें एक सूक्ष्म गोष्ट टिपली : तेवढाच मोठा आवाज तीं मुलें स्वतः आनंदानें करीत असत. म्हणजे भय आवाजाचें नव्हतें. तो अवचित, आपल्या इच्छेविरुद्ध अंगावर येतो, याचें होतें. दुर्दैवानें पुढील वीस-पंचवीस वर्षें या निरीक्षणापेक्षां दुसराच एक तर्क अधिक गाजला. आईबाप, विशेषतः आई, मायेनें थंड असल्यामुळें मूल असें होतें, असें मोठमोठ्या पंडितांनीं सांगितलें. कॅनरनेंही या समजुतीला हातभार लावला, आणि ब्रूनो बेटेलहाइम यानें १९६७ सालच्या आपल्या ग्रंथांत तिचा जोरानें पुरस्कार केला. ज्यांच्या मुलांना मिठी सहन होत नव्हती, त्या मातांना, तुम्हींच मिठी मारली नाहीं, असें ऐकावें लागलें. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनीं १९६४ सालीं या तर्काचें खंडन केलें. कारण शरीरांत व मज्जासंस्थेंत शोधलें पाहिजे, असें त्यांनीं साधार मांडलें.

याच काळांत कॅलिफोर्नियांत जीन एअर्स (१९२०–१९८८) ही बाई अभ्यास करीत होती. ती व्यवसायोपचार शिकलेली होती. रुग्णाला नित्याच्या कामांतून व खेळांतून बरें करण्याची ती विद्या. एअर्सबाईचें म्हणणें असें कीं, पंचेंद्रियांखेरीज दोन इंद्रियांकडे शिक्षकांचें लक्ष जात नाहीं. एक, अंतःकर्णांतील तोल व गति जाणणारें. दुसरें, स्नायू व सांधे यांतून आपला हात-पाय कोठें आहे हें सांगणारें. हीं दोन आणि स्पर्श यांच्याकडून आलेल्या वार्ता मेंदूंत नीट जुळल्या नाहींत, तर वाहनांनीं चौक अडावा तशी गति होते. मग मूल कारणावांचून चिडतें, धडपडतें, लिहितांना थकतें. १९७२ व १९७९ सालच्या आपल्या ग्रंथांत तिनें हा सिद्धान्त मांडला. तिच्या उपचारगृहांत झोपाळे होते, लोळावयास गाद्या होत्या, चढावयास उतरणी होत्या. आणि कोणता खेळ निवडावा हें पुष्कळसें मुलाच्या ओढीवर सोडलेलें असे. सेगँचा झोपाळा असा शंभर वर्षांनीं परत आला. परंतु या वेळीं टिपरी बरोबर आली नाहीं.

व्यवसायोपचाराची ही विद्या महाराष्ट्रास परकी नाहीं. जन्मानें अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विषयाची शाळा सुरू केली. देशांतील ती पहिली. एअर्सबाईच्या पद्धतीनें काम करणारे उपचारक आज मुंबई-पुण्यांतही आहेत. मात्र या शास्त्राचा निवाडा अजून पुरता झालेला नाहीं. अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेनें २०१२ सालीं असा सल्ला दिला कीं, इंद्रियसंवेदनांचा बिघाड हें स्वतंत्र रोगनिदान म्हणून सामान्यतः वापरूं नये, आणि उपचार करतांना पुरावा मर्यादित असल्याचें पालकांस सांगावें. उलटपक्षीं, २०१३ सालच्या अमेरिकन मनोविकार-सूचींत संवेदना अति तीव्र अथवा अति मंद असणें हें स्वमग्नतेच्या लक्षणांत प्रथमच दाखल झालें. २०२२ सालीं ब्रिटनमध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चांचणींत एअर्सपद्धतीच्या उपचारानें स्वमग्न मुलांना नेहमींच्या मदतीहून अधिक लाभ झाल्याचें दिसलें नाहीं. तात्पर्य, अडचण खरी आहे याविषयीं शंका उरलेली नाहीं. एखादा ठराविक उपचार ती हमखास दूर करील, असें मात्र कोणीं सांगितल्यास सुज्ञ पालकांनीं सावध राहावें.

मग घरांतील माणसांनीं करावें काय? दोनशें वर्षांच्या या अनुभवांतून कांहीं गोष्टी निश्चित हातीं लागतात. पिस्तूल न ऐकणारा मुलगा अक्रोड ऐकतो. म्हणून हांक मारली असतां न पाहणाऱ्या मुलाचे कान प्रथम तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे, आणि ते शाबूत असल्यास, त्याच्या कानाला काय गोड लागतें तें शोधावें. आपल्या घरांत कुकरची शिट्टी आहे, मिक्सर आहे. गणपतींत दारावरून ढोल-ताशे जातात, दिवाळींत फटाके उडतात. कॅनरच्या मुलांवरून असें दिसतें कीं, आवाज येणार हें अगोदर सांगितलें, मिक्सरची कळ मुलाच्याच हातानें दाबविली, तर तोच आवाज पुष्कळदां सोसवतो. ज्याला हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श नकोसा होतो, त्याला दाबून चोळलेलें तेल किंवा घट्ट पांघरूण पुष्कळदां सुखाचें वाटतें. नखें काढणें, केंस कापणें, नवा खरखरीत सदरा, पानांत एकमेकांना लागलेले पदार्थ, यांवरून होणारा आकांत हा नेहमीं हट्टच असतो असें नाहीं. मूल सारखें आदळत-आपटत हिंडत असेल, तर त्याच्या स्नायूंना काम हवें असण्याचा संभव आहे. बादली उचलणें, कणीक तिंबणें, अंथरुणें घालणें, हीं कामें त्याला औषधासारखीं लागूं पडतात कीं काय, तें पाहावें. शाळेच्या शिक्षकांसही हें सर्व न संकोचतां सांगावें.

आणि पट्टी बांधतांच भीतीनें गोठणारा व्हिक्टर विसरूं नये. सोसत नाहीं तेंच पुन्हां पुन्हां अंगावर घालून, म्हणजे संवय होईल, अशा समजुतीनें मुलाला लग्नाच्या गर्दींत किंवा बँडपुढें उभें करणाऱ्या आईबापांचा हेतु इटारप्रमाणें चांगलाच असतो. इटारला त्यांतून काय मिळालें तें त्यानें स्वतःच लिहून ठेवलें आहे. मादाम गेरँनें असें कांहीं लिहून ठेवलेलें नाहीं. तिच्या घरीं व्हिक्टर सुमारें चाळीस वर्षांचा होईपर्यंत राहिला, एवढीच नोंद आहे.